मीठ बघणारी

आमच्या बेकरीत एका गोष्टीला माफी नाही, ती म्हणजे पावात केस. पाव करपला तर मी समजून घेते. आतून कच्चा राहिला तर भट्टीला दोन शिव्या देते आणि पुढच्या कामाला लागते. पण केस निघाला की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो, तो गिऱ्हाईक समोर आहे की नाही हे बघत नाही. स्वभाव तापट आहे माझा, मी कुठे नाही म्हणते? नाकावर माशी बसू दिली असती तर नवरा गेल्यावर ही भट्टी एकटीनं चालवली असती का मी?

सून या घरात आली ती कमरेखाली पोचणारी वेणी घेऊन. पहिल्याच आठवड्यात आमचं त्या वेणीवरून वाजलं. मी म्हटलं, टोपीत मावत नसेल तर काप. ती म्हणाली, "आई, टोपी मोठी शिवून घेऊ. वेणी लहान होणार नाही." आणि खरोखर समोरच्या शिंपीणबाईंकडून भोपळ्याएवढी टोपी शिवून आणली. वर मलाच विचारते, कशी दिसते? मी म्हटलं, डोक्यावर उशी घेतल्यासारखी दिसते. ती इतकी हसली की माझा राग कुठल्या कुठे गेला. माझा मुलगा म्हणजे पिठाचं पोतं, ठेवाल तिथे बसेल. म्हणून या घरात माझ्याशी भांडू शकणारं कोणीतरी आलं याचा मला मनातून फार आनंद झाला होता. तोंडावर अर्थातच बोलले नाही.

पुढे मी तिला बेकरीतलं सगळ्यात मोठं काम दिलं, मीठ बघण्याचं. आमच्या पावाचं पीठ रोज नव्यानं सुरू होत नाही. आदल्या दिवशीच्या मळलेल्या पिठाचा एक गोळा राखून ठेवायचा आणि आजच्या पिठात मिसळायचा, त्यानं पावाला चव येते. त्या गोळ्यात आधीच मीठ असतं आणि गोळा कधी मोठा, कधी लहान. त्यामुळे काट्यावर भरवसा ठेवून चालत नाही. थोडं मीठ हातचं राखायचं, मळत आलं की कोणीतरी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायचं आणि ठरवायचं. सून चिमूट तोंडात टाकायची, छताकडे बघायची आणि म्हणायची, "हं." तो 'हं' आल्याशिवाय पीठ तोडायला घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. मुलगा पीठ तोडायचा पत्रा हातात घेऊन तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. एरवीही तो तिच्या तोंडाकडेच बघत असतो, पण निदान तेवढा वेळ कामासाठी.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की केमोच्या सहा फेऱ्या होतील आणि एकही चुकवायची नाही. केस जातील, तोंड येईल, चव बिघडेल, बोटं बधिर होतील, आणि हे सगळं हळूहळू परत येईल. मुलगा रडायलाच लागला. सुनेनं एवढंच विचारलं, "बेकरीत जाऊ ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्दीत नको आणि कच्चं काही तोंडात घालायचं नाही. कच्चं पीठ तर मुळीच नाही. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. चिमूटभर पीठ छोट्या तव्यावर भाजून द्यायचं आणि तिनं आतल्या बाजूला, फळीच्या आडोशाला उंच स्टुलावर बसायचं. एवढ्या तेवढ्यावरून कायदा मोडत नाही आम्ही.

पहिल्या फेरीनंतर ती दोन दिवस उलट्या करून निजली आणि तिसऱ्या दिवशी वरच्या घरातून खाली बेकरीत आली. मला वाटलं, बरी निभावली. दुसऱ्या फेरीच्या सुमाराला केस गळायला लागले. मी म्हटलं, मशीन फिरवून टाकू, म्हणजे रोजचं बघायला नको. ती म्हणाली, "माझ्या केसांचं मी बघीन." सकाळी न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता असायचा, तो मी तिच्या नजरेला पडू नये म्हणून चोरून काढायचे. मग कळलं की मुलगाही माझ्याआधी येऊन काढतो, आणि ती स्वतः त्याच्याही आधी. एका जाळीपाशी तीन चोर. घरात कोणी कोणाला काही बोलत नव्हतं आणि जाळी मात्र आरशासारखी स्वच्छ होती.

टोपीच्या आत ती रुमाल बांधायची, रुमालावर पिना लावायची. तरी एक दिवस जे व्हायचं ते झालंच.

दुकान भरलेलं होतं. शिंपीणबाई रांगेत पहिली. या बाईच्या जिभेला हाड नाही. बाहीला सुरकुती पडली तर दोष शिलाईचा नसून तुमच्या दंडाचा आहे हे ती चारचौघांत सांगते. आमच्या पावाचा कोपरा मोडून तिथेच चाखायचा आणि मत द्यायचं, ही तिची रोजची रीत. त्या दिवशी तिनं कोपरा मोडला आणि पावातून केस ओढला. ओढतच राहिली. काळाभोर, हातभर लांब.

"हे काय?" तिनं सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"माझा आहे," मी म्हटलं.

माझे केस पांढरे आहेत आणि भांडी घासायच्या ब्रशएवढे आखूड. रांगेतले सगळे माझ्या डोक्याकडे बघायला लागले.

"तुमचा?"

"माझाच. मध्यंतरी रंगवले होते."

मागे कोणीतरी खोकलं. शिंपीणबाईनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत, फळीच्या दिशेनं. तिथे भोपळ्याएवढी टोपी खाली झुकलेली होती. शिंपीणबाईचा चेहरा बदलला. तिनं तो केस दोरा गुंडाळावा तसा बोटाभोवती गुंडाळला, खिशात टाकला आणि म्हणाली, "हो, तुमचाच दिसतोय. दुसरा पाव द्या." त्या दिवसानंतर तिनं आमच्या पावाबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. चाखायची, मान हलवायची आणि निघून जायची.

दुपारी दुकान बंद झाल्यावर सून म्हणाली, "आई, मशीन काढा."

मी तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, खांद्यावर पिठाचं स्वच्छ पोतं टाकलं आणि मुलाची दाढीची मशीन घेतली. वेणीत आता जीव उरलाच नव्हता. हाताला धरली तर अर्धी हातातच आली. मी मशीन कानापाशी नेली, तर ती म्हणाली, "सावकाश. कान ठेवा." मी म्हटलं, कान ठेवून उपयोग काय, ऐकतेस कुठे कोणाचं? ती हसली. मग काही वेळानं तिचे खांदे हलायला लागले आणि ते हसणं नव्हतं. मी मशीन बंद केली आणि तिचं अर्धं भादरलेलं डोकं पोटाशी धरलं. तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं तिनंच नाक पुसलं आणि म्हणाली, "आता उरलेलं काढा, नाहीतर मी झेब्रा दिसेन."

तेवढ्यात मुलगा आला. बायकोला तसं बघून म्हणाला, "मी पण काढतो माझे." मला चेव आला, मी म्हटलं, मग माझेही काढ. सून म्हणाली, "एका घरात तीन टकली? गिऱ्हाईक आत तरी येईल का? आणि आई, तुमचं डोकं आतून कसं असेल सांगता येत नाही. झाकलेलंच बरं." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच. तिचं डोकं मात्र छान गोल निघालं, माझ्या मुलापेक्षा कितीतरी सुबक. मी तसं बोलून दाखवलं आणि मुलालाही ते पटलं.

जुनी टोपी आता तिच्या नाकावर उतरायची. दोन दिवसांनी शिंपीणबाई दुकानात आली आणि नवीन लहान टोपी ठेवून गेली. माप न घेता शिवलेली, मऊ जुन्या कापडाची, आणि शिवण सगळी बाहेरच्या बाजूला, टाळूला टोचू नये म्हणून. किती झाले विचारलं तर म्हणाली, पाव द्या आणि गप्प बसा.

तिसऱ्या फेरीनंतर तोंड आलं. जिभेवर, गालांच्या आत फोड. पाणीसुद्धा टोचायचं. चमचा तोंडात घातला की गंजलेला खिळा चोखल्यासारखं वाटतं म्हणाली, म्हणून मी घरातले सगळे चमचे बाजूला ठेवून लाकडी आणले. बोटांची टोकं बधिर झाली, तिला शर्टाचं बटण लागेना. नखं काळवंडली. खमिराच्या वासानं मळमळायचं, तर नाकाला रुमाल लावून बसायची. पण मीठ बघायला रोज यायची. तव्यावरचा तुकडा फुंकून तिला द्यायचा, तिनं तो फोड चुकवत जिभेवर फिरवायचा, छताकडे बघायचं.

"कमी आहे," ती म्हणायची.

मी मीठ घालायचे. पुन्हा तुकडा. "अजून कमी आहे."

त्या आठवड्यात आमचा पाव असा झाला की खाऊन माणसानं विहीर शोधावी. मुलगा कोणत्याही पावाला छान म्हणतो, तोसुद्धा जेवताना तीन तांबे पाणी प्यायला. गिऱ्हाईकं घेऊन जात होती, कोणी हूं की चूं केलं नाही. शिंपीणबाईनं कोपरा चाखला, डोळे घट्ट मिटले, गिळला आणि मान हलवली. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की मीठ कोण बघतं. पण असं किती दिवस लोकांच्या पोटावर चालवायचं? म्हणून मी एक शहाणपणा केला. ती कमी म्हणाली की मी पाठ वळवायची, मिठाच्या डब्यात हात घालायचा, रिकामी मूठ पिठावर उघडायची. पुन्हा तुकडा द्यायचा. ती छताकडे बघून म्हणायची, "हं." मीठ अंदाजानं आधीच पडलेलं असायचं, पाव निदान खाण्याजोगा झाला. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

चौथी फेरी होऊन आठवडा झाला असेल. ती कमी म्हणाली, मी पाठ वळवून रिकामी मूठ उघडली आणि वळले, तर ती माझ्याकडेच बघत होती.

"मीठ टाकलंत, आई?"

"टाकलं की."

"हात नाही पुसलात."

"काय?"

"मीठ टाकलं की तुम्ही हात एप्रनला पुसता. उजवीकडे. इतकी वर्षं बघतेय मी. आज पुसला नाहीत. काल पण नाही."

आता इथे शहाण्या बाईनं गप्प बसावं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. मी म्हटलं, "अगं, तुला कुठे चव लागतेय आता!"

ती स्टुलावरून उतरली, शिंपीणबाईची टोपी काढून खुंटीला लावली, एप्रन त्यावर लावला आणि जिना चढून वर गेली. मुलानं माझ्याकडे असं बघितलं की मला पिठाच्या पोत्याचीही भीती वाटली.

संध्याकाळी तिनं सांगितलं, पुढच्या फेरीला जाणार नाही. मुलानं हात जोडले, डॉक्टरीणबाईंचे शब्द सांगितले, दोनच तर राहिल्यात म्हणाला. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मग मी गेले. मी आधी रागावून पाहिलं, कारण मला तेवढंच येतं. ती उठून बसली.

"केस गेले, चाललं," ती म्हणाली. "बटण लागत नाही, हे लावून देतात, चाललं. पण खाली माझं एक काम होतं. एक 'हं' म्हणायचं. तेवढ्यासाठी मी जिना उतरत होते, आई. आणि तुम्ही ते खोटं खोटं चालवत होतात. लहान मुलाच्या हातात बंद पडलेला फोन देतात ना, घे बोल म्हणून, तसं. माझ्याशिवाय पाव होतोच आहे. मग एवढं सोसायचं कशासाठी?"

पावासाठी नको, आमच्यासाठी सोस, असं म्हणावंसं वाटलं, पण ते तिला आणखी एक ओझं दिल्यासारखं झालं असतं. मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि खाली येऊन बसले. ही पोरगी औषध सोडणार आणि मी तिला गमावणार, आणि तेही माझ्या एका रिकाम्या मुठीपायी. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पीठ मळून झालं. मी तुकडा भाजला, तोंडात घातला आणि चघळत राहिले. काही कळलं नाही. खरं सांगायचं तर माझी जीभ केव्हाच म्हातारी झाली होती. त्याशिवाय का मी सगळ्यात मोठं काम सुनेला दिलं होतं? मुलाला तुकडा दिला. तो म्हणाला, "छान आहे."

"तुला भुसा दिला तरी छानच लागेल!" मी ओरडले. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, बिचाऱ्यानं मान खाली घातली.

"तोडू का पीठ?" त्यानं विचारलं.

"'हं' आलाय का?"

"नाही."

"मग?"

आम्ही दोघं पिठाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. पीठ फुगत होतं, भट्टी तापत होती, बाहेर दाराशी माणसं जमायला लागली होती. आणि मग जिन्यावर पावलं वाजली. ती तशीच आली होती, टोपीशिवाय, गालावर उशीची घडी उमटलेली.

"पत्रा का वाजत नाहीये?" तिनं विचारलं.

वर झोपूनसुद्धा तिचा कान खालीच असायचा. पीठ तोडायचा पत्रा फळीवर टक टक वाजतो, तो आवाज आला नाही म्हणून ती उठली होती.

"मीठ कोणी बघितलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही बघा ना."

"मला कळत नाही. तुला काम दिलं त्याच्याही आधीपासून कळत नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं होतं तुला."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "मीठ बघायला गुडघे कशाला लागतात, आई? मला तेव्हाच कळलं होतं."

मुलगा फिसकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले.

"बसा इथे," सुनेनं मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. भाजलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि बधिर बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "खा. लगेच गिळू नका."

मी चावायला लागले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कमी आहे," ती म्हणाली. "अर्धी मूठ घाला."

"तुला काय कळलं? खाल्लं मी!"

"तुमच्या जिभेला कळत नसेल, तोंडाला कळतं. मीठ कमी असलं की तुम्ही ओठ आत ओढता, दात नसल्यासारखे. जास्त असलं की डावी भुवई वर जाते."

"आणि बरोबर असलं की?"

"घाला तर आधी."

मी अर्धी मूठ मीठ घातलं आणि हात एप्रनला पुसला, उजवीकडे, जरा दाखवूनच. पीठ पुन्हा फिरवलं, नवा तुकडा भाजला, तोंडात घातला. दोनदा चावला असेल नसेल, मागून गार वारा आला. "अरे, तो दरवाजा लाव की!" मी मुलावर खेकसले. "पीठ गारठेल! डोळे आहेत का बटणं?"

"हं," सून म्हणाली.

"काय हं?"

"मीठ बरोबर असलं की तुम्ही लगेच दुसऱ्या कशावर तरी ओरडता. तोडा पीठ."

पत्रा वाजायला लागला. तिनं खुंटीवरची टोपी काढून घातली. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, काल जे बोलले त्याबद्दल वाईट वाटतंय मला. ती म्हणाली, "बोललात ते खरंच होतं. नाटक नको होतं. यापुढे जे असेल ते तोंडावर सांगायचं."

"मग तूही सांग. पुढच्या फेरीला जाणार का?"

"आधी गिऱ्हाईकं बघा," ती म्हणाली. त्या दिवशीचा पाव चोख झाला होता. आणि फेरीच्या दिवशी मी चपला शोधत होते तेव्हा ती पिशवी घेऊन दारात उभी राहून मलाच ओरडत होती की उशीर होतोय.

शेवटच्या दोन फेऱ्यांना मीच बरोबर गेले. मुलगा गेला की नर्सला त्यालाच पाणी द्यावं लागायचं. सून आरामखुर्चीत, हाताला सलाईन, मी शेजारी. नर्स विचारायची, त्रास होतोय का, आणि ही म्हणायची, नाही. मी तिच्या पायांकडे बघायचे. पायाची बोटं आखडली की नर्सला सांगायचे, होतोय, तिचं ऐकू नका. सून एक डोळा उघडून म्हणायची, "तुम्ही कधीपासून वाचायला लागलात?" त्या खोलीत मी तिच्यावर जेवढी माया केली तेवढी पोटच्या पोरावर केली नाही, आणि हे मी मुलालाही सांगितलं आहे. त्याची काही तक्रार नाही.

औषध संपलं. पुढचे कितीतरी दिवस आमचं तसंच चाललं. मी खायचं, तिनं माझं तोंड वाचायचं, मुलानं पीठ तोडायचं. शेवटी चव परतली का ते बघायला ती स्वतःही एक तुकडा तोंडात टाकायची. म्हणायची, "बघू, घरी कोणी आलंय का." मग मान हलवायची, अजून नाही.

एका सकाळी भट्टी फार तापली म्हणून तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी स्टुलावर बसून तुकडा चावत होते, ती माझ्यासमोर वाकलेली. खिडकीतून ऊन आलं ते नेमकं तिच्या डोक्यावर. आणि मला दिसलं. डोक्यावर काळसर लव आली होती. अगदी थोडी, पण होती, सगळीकडे होती. रडू नये म्हणून मी ओठ आत ओढून घेतले.

"कमी आहे," ती म्हणाली. "अर्धी मूठ."

मी मीठ घातलं, हात पुसला, पुन्हा तुकडा खाल्ला. माझी नजर तिच्या डोक्यावरून हलेना आणि ओठ सुटेनात.

"अजून कमी? आज गोळा लहान होता वाटतं. घाला अजून."

मी घातलं. मग तिनं नेहमीसारखा स्वतःचा तुकडा तोंडात टाकला, छताकडे बघितलं आणि थांबली. तुकडा तळहातावर काढला. माझ्याकडे बघितलं, तळहाताकडे बघितलं, दुसरा तुकडा घेऊन तोंडात घातला.

"आई, हे खारट आहे."

मुलगा पत्रा घेऊन पुढे आला.

"खारटढाण आहे! आई, मला खारट लागतंय!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलानं पत्रा टाकला, एक तुकडा घेऊन खाल्ला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "छान आहे."

"पण मग तुम्ही ओठ का ओढले?" तिनं मला विचारलं. "मी नीट बघितलं होतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "केस आलेत," मी म्हटलं.

तिनं डोक्यावरून हात फिरवला. बोटं अजून पुरती सुधारली नव्हती. "मला कळत नाहीये. खरंच आलेत? तोंडावर सांगा."

"खरंच आलेत. आता टोपी घाल, पावात जातील."

पिठाचं काही करायला वेळ नव्हता. भट्टी तयार, दाराशी रांग. तसाच पाव भाजला, तसाच दुकानात मांडला. शिंपीणबाई पहिली. तिनं कोपरा मोडला, तोंडात टाकला, डोळे घट्ट मिटले. मला वाटलं, आता गिळेल आणि मान हलवेल. तिनं डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून आत बघितलं. आत सून टोपी हातात घेऊन, डब्याच्या चकचकीत झाकणात स्वतःचं डोकं बघत उभी होती.

"पाव खारट झालाय," शिंपीणबाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "तोंडात घालवत नाही. मीठ बघायला कोणी आहे की नाही इथे?"

एरवी मी तिला सोडली नसती. पण आजारी माणसाच्या घरी येऊन असं कोणी बोलत नाही, म्हणजे तिच्या लेखी आता इथे कोणी आजारी नव्हतं. इतके महिने ही बाई आमच्याशी चांगली वागत होती आणि ते चांगलं वागणं मला रोज टोचत होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"मी आहे!" आतून सून ओरडली. "कळलंय मला! उद्या या!"